सोपीबाईंचा भरलेला हॉल

तर त्या खुर्च्या. काल बोलणं तिथेच अडकलं होतं. वाचनालयाच्या माडीवरच्या हॉलमध्ये सोपीबाई बाह्या सारून खुर्च्या मांडत होत्या आणि ग्रंथपाल कमरेवर हात ठेवून दारात उभे होते. मदतीला नव्हे हो, पहाऱ्याला. हॉलची जमीन लाकडी फळ्यांची, आणि त्या फळ्यांवर ग्रंथपालांचा काडीचा विश्वास नव्हता. खालच्या खोलीत माणसं वर्तमानपत्र वाचत बसायची; त्यांच्या डोक्यावर एखाद दिवशी आख्खं व्याख्यान, वक्त्यासकट कोसळणार, अशी त्यांची पक्की खात्री होती.

"एका खुर्चीला एक माणूस," ते म्हणाले. "उभं कोणी राहायचं नाही. दाराशी घोळका नको, खिडकीत बसणं नको. एक माणूस जादा दिसला तर दिवे बंद करून टाकीन."

"साहेब, तुमच्या तोंडात साखर पडो," सोपीबाई म्हणाल्या. "उभं राहायची पाळी आली तर मला आधी चिमटा काढा. झोपेत असेन मी."

ग्रंथपालांना थट्टा कळत नसे. त्यांनी मान डोलावली आणि चिमटा काढायचंही बहुधा ध्यानात ठेवलं.

आता ज्यांनी काल ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की सोपीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पोरांनी ठेवलेलं. विद्यापीठात इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान असल्या विषयांत नव्याने संशोधनाला लागलेली पोरं असतात ना, डोळ्यांखाली काळं आणि खिशात बसचा पास, त्यांनी आपलं काम रस्त्यावरच्या माणसाला सांगावं, लोकांत मिसळावं, यासाठी तिथे एक कक्ष होता. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. वरून कोणी तरातरा उतरलं की आतल्या माणसाच्या चहात धूळ पडायची. त्या खोलीत बाई बसत. पोरगं आलं, खुर्चीत टेकलं, दोन वाक्यं बोललं न बोललं, की बाई हात वर करायच्या: "सोपं कर." ते पुन्हा बोलायचं. "अजून सोपं." ते घामाघूम व्हायचं. "आता हेच तुझ्या आत्याला सांगतोयस असं समज." म्हणून सोपीबाई. तोंडावर अर्थात 'ताई'. मागून मात्र शिपायापासून सगळे सोपीबाईच म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं, आवडतही होतं.

त्यांची शिकवायची रीत मोठी मजेची. एक पोरगं बोलायला उभं राहिलं, की बाकीच्यांनी 'लोक' व्हायचं. एकाने घाईतला माणूस व्हायचं, सारखं घड्याळ बघणारा. एकाने चुकून शिरलेला, एकाने झोपाळू. आणि एकाने वैतागलेला, ज्याने शेवटी उठून विचारायचं, "हे सगळं ठीक आहे, पण याचं आम्ही काय करायचं?" हे वैतागलेलं पात्र माफीवाली झकास वठवायची. माफीवाली म्हणजे जुनी माफीपत्रं वाचणारी पोरगी; कोणी कोणाची कशा शब्दांत क्षमा मागितली, यावर तिचा सारा अभ्यास. हनुवटी पुढे काढून ती असं काही खेकसायची, की उभं असलेलं पोर पुढचं वाक्यच विसरायचं.

तालीम झाली की बाई पोरांना खरोखरीच्या लोकांत सोडायच्या. वचनवाल्याचा किस्सा तर त्या स्वतः रंगवून सांगत. हा तत्त्वज्ञानातला. वचन दिलं म्हणजे नेमकं काय दिलं, हा त्याचा विषय. त्याला बाईंनी न्हाव्याच्या दुकानात पाठवलं. अर्धी दाढी झालेल्या एका गृहस्थाशेजारी बसून तो गोड आवाजात म्हणाला, "काका, तुम्ही कधी कोणाला आयुष्यभराचा शब्द दिलाय?" गृहस्थ ताडकन उठले. "मला विमा नको!" म्हणाले, आणि एका गालावर फेस तसाच घेऊन रस्त्यावर! न्हावी वस्तरा घेऊन मागे धावला. रस्त्यातल्या लोकांना वाटलं मुडदाच पडतोय आता. तेवढी एकच गर्दी त्या कक्षाने आजवर जमवली होती.

हसायचं ते हसून झालं; पण खरी गोष्ट अशी होती, की लोक येत नसत. बाई फलक लिहीत, दवाखान्यात, टपालघरात, धुलाईच्या दुकानात चिकटवून येत. व्याख्यानाच्या दिवशी समोर कोण? तर माफीवाली, वचनवाला आणि बाकीची तीच पोरं, एकमेकांची. सवयीने त्यातला एक घड्याळ बघायचा, एक डुलक्या घ्यायचा आणि शेवटी माफीवाली उठून खेकसायची. तालीम आणि प्रयोग यांत फरक एवढाच, की प्रयोगाला वाचनालयाचा पंखा असायचा.

घरी बाईंच्या सासूबाई म्हणायच्या, "जगाला बोलायला शिकवतेस आणि घरी आलीस की मुकी होतेस. कुठे सांडून येतेस गं सगळं?" बाईंचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचे. ते आपलं मान खाली घालून म्हणायचे, "आई, तिला जेवू दे." बाई जेवायच्या. सांगणार तरी काय?

आणि आता तर पाणी गळ्याशी आलं होतं. कक्षाचा खर्च देणारं जे मंडळ होतं, तिथल्या एक बाई स्वतः बघायला येणार होत्या. विभागप्रमुखांनी सोपीबाईंना बोलावून सरळ सांगितलं, "या वेळी बाहेरची माणसं दाखवा. आपलीच आपली नकोत. नाहीतर कक्षाला टाळं. आणि तो तुमचा भोंगा, त्याची नेमणूक कक्षावरच आहे, तेव्हा त्याचाही निरोप समारंभ सोबतच."

भोंगा म्हणजे त्यांच्या हाताखालचं सगळ्यात नवं पोर. त्याचा विषय कापडगिरणीचा भोंगा. गिरणी चालू होती तोवर आख्खं गाव त्या आवाजावर उठायचं, जेवायचं, दिवा मालवायचं. गिरणी बंद पडली आणि तो आवाज गेला, तेव्हा माणसांच्या दिवसाचं काय झालं, हे तो शोधत होता. विषय एवढा दणदणीत आणि पोराचा आवाज? शेजारी बसलेल्याला पुढे वाकून ऐकावं लागायचं. म्हणून तर नाव भोंगा! त्याच्या मेहुण्याचं फरशीचं दुकान होतं. मेहुणा दर आठवड्याला फोन करून विचारायचा, "काय रे, आवाज सापडला का? नसेल तर ये गल्ल्यावर. जागा अडवून ठेवलीय तुझ्यासाठी, पण किती दिवस ठेवू?" भोंगा हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही. बाईंकडे बघायचा. आणि बाई प्रत्येक वेळी म्हणायच्या, "थांब जरा. लोकांपर्यंत एकदा पोचू दे."

म्हणून भोंग्याच्या या व्याख्यानात बाईंनी जीव ओतला. भोंग्याला महिनाभर दवाखान्याच्या बाकड्यावर नेऊन बसवलं. "माणसं तिथे रिकामी असतात आणि उठून जाऊ शकत नाहीत," त्या म्हणायच्या. भोंगा बसला, बोलला, हळूहळू त्याची भीड चेपत गेली. एक दिवस उड्या मारतच आला. "ताई, एक मावशी भेटल्या! म्हणाल्या, अरे, आमचं घर त्या भोंग्यावर चालायचं. मैत्रिणींना घेऊन येते म्हणाल्या!"

"येते म्हणणारे लोक," माफीवाली पुटपुटली. तिने काय थोडे पाहिले होते?

"गप गं," बाई म्हणाल्या. मग सगळ्या पोरांना समोर बसवून त्यांनी हुकूमच काढला. "तुमच्यापैकी एकानेही त्या दिवशी यायचं नाही. हॉलच्या आसपाससुद्धा फिरकायचं नाही. रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर दिसू देत. एकदाचं खरं काय ते कळू दे."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना हलवल्या. अळीमिळी गुपचिळी.

झालं. दिवस उजाडला. बाई दारात उभ्या राहिल्या. मंडळाच्या बाई आल्या, पहिल्या रांगेत बसल्या, पर्स मांडीवर घेऊन. मागे सगळ्या खुर्च्या मोकळ्या. ग्रंथपाल खूश.

आणि मग जिन्यावर पावलं वाजली. एक पिकल्या मिशांचे गृहस्थ आले. त्यांच्यामागे एक जाडजूड जोडपं. मग एक आई आणि तिच्या दोन थोरल्या मुली. मग काठी टेकत एक आजोबा. बाईंनी प्रत्येकाचा चेहरा निरखून पाहिला. ओळखीचा एकही नाही! सगळे परके, सगळे बाहेरचे! माणसं येत गेली, येत गेली. बाई हाताने खुर्च्या दाखवत गेल्या. शेवटची खुर्ची भरली तेव्हा त्यांनी यजमानांना फोन लावला आणि कुजबुजल्या, "अहो, भरला हो हॉल!" पलीकडून यजमान म्हणाले, "हो का? वा, वा," पण त्यांच्या आवाजात फारसं नवल नव्हतं. बाईंना तेव्हा ते लागलं नाही. आनंदात माणसाचे कान बंद होतात.

भोंगा बोलायला उभा राहिला. त्याने घसा खाकरला आणि खालच्या जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. जड, सावकाश. कठड्याला धरत एक वयस्क बाई वर आली. तिचा एक हात पट्टीने गळ्यात बांधलेला. तिच्यामागे तिच्याच वयाच्या आणखी तिघी, धापा टाकत.

"इथेच ना?" तिने विचारलं. "तो बारीक आवाजाचा मुलगा?"

"इथेच, इथेच! सुरूच झालंय," सोपीबाई म्हणाल्या, आणि वळून पाहिलं तर ग्रंथपालांचा हात दिव्याच्या बटणावर. एक बोट वर करून त्यांनी ते नकारार्थी हलवलं. आता बघा, दुसरं कोणी असतं तर हिरमुसलं असतं. सोपीबाई फुलून आल्या. सगळी नोकरी ज्या वाक्याची वाट पाहण्यात गेली, ते वाक्य त्यांना आज म्हणायला मिळत होतं.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या, "आत पाय ठेवायला जागा नाही. सगळं भरलंय!"

त्या बाईने त्यांच्या खांद्यावरून आत डोकावलं. "अगंबाई, खरंच की. एवढी माणसं! बरं झालं. पोरगं घाबरलं होतं, कोणी येईल की नाही म्हणून."

"पुढच्या वेळी थोड्या लवकर या."

"येऊ की," ती म्हणाली आणि चौघी आल्या तशा, कठड्याला धरून, एकमेकींना सांभाळत उतरल्या. सोपीबाईंनी ग्रंथपालांकडे विजयाने पाहिलं. "बघा साहेब, आली की नाही उभं राहायची पाळी?" ग्रंथपालांनी चिमटा मात्र काढला नाही. काढायला हवा होता.

भोंगा छान बोलला. समोर माणसं पाहून त्याचा आवाजसुद्धा मागच्या रांगेपर्यंत पोचला. दारात काय झालं ते समोरच्या डोक्यांआड त्याला दिसलं नव्हतं; फक्त बोलताना नजर सारखी दाराकडे जात होती. मग प्रश्न. पिकल्या मिशांचे गृहस्थ उठले. "हे सगळं ठीक आहे, पण याचं आम्ही काय करायचं?" मंडळाच्या बाईंनी मान डोलावली; सामान्य माणसाचा रोखठोक प्रश्न. भोंग्याने उत्तर दिलं. मग जोडप्यातला जाडा नवरा उठला. "हे सगळं ठीक आहे, पण याचं आम्ही काय करायचं?" भोंगा गडबडला. मग काठीवाले आजोबा उठायला लागले, आणि ते पुरते उभे राहायच्या आतच सोपीबाईंना माफीवालीची पुढे काढलेली हनुवटी आठवली.

चहाच्या वेळी मंडळाच्या बाई लोकांत मिसळल्या. त्यांना तरी काय, सहज विचारत होत्या, "आपण कसे आलात?"

"भाचीने पाठवलं," मिशावाले म्हणाले. "ती माफीपत्रं वाचते ना, तीच. म्हणाली, मामा, झोपू नका, घड्याळ बघू नका आणि शेवटी हा प्रश्न विचारा."

"आम्ही त्या वचनवाल्याच्या घराखाली राहतो," जाडी बायको म्हणाली. "त्याने शब्द घेतला आमच्याकडून."

लग्नात विचारतात तसं मग विचारणंच सुरू झालं, तुम्ही कोणाकडचे? आणि सगळे एकाच बाजूचे निघाले. आत्या, साडू, घरमालकीण, जुने शेजारी. काठीवाले आजोबा चष्म्याच्या दुकानाचे गिऱ्हाईक. सोपीबाईंच्या यजमानांनी त्यांना फ्रेम बसवता बसवता गळ घातली होती. पोरांनी ताईंचा हुकूम अक्षरशः पाळला होता. एकही आलं नव्हतं. प्रत्येकाने फक्त घरची माणसं पाठवली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकट्यानेच पाठवलीत.

तेवढ्यात भोंगा बाईंजवळ आला. "ताई, त्या मावशी नाही आल्या वाटतं. दवाखान्यातल्या. हात गळ्यात बांधलेला असतो बघा त्यांचा."

हातातली बशी खुर्चीवर ठेवून सोपीबाई जिन्याकडे धावल्या. रस्त्यावर आल्या. चांभार पेटी आवरत होता, फळवाली हिशेब करत होती, बसथांब्यावर एक माणूस छत्रीशी झटापट करत होता. त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या, दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. चांभाराला विचारलं. "चार म्हाताऱ्या? गेल्या की मघाशीच बसने. हसत होत्या."

वर येऊन त्यांनी मंडळाच्या बाईंना सगळं सांगितलं. बाहेरची माणसं आली होती. खरीखुरी. मीच परत पाठवली.

"ताई," त्या बाई पर्स खांद्याला लावत म्हणाल्या, वाईट स्वभावाच्या नव्हत्या त्या, "पुष्कळ कक्ष पाहिले मी. ही सबब मात्र नवीन आहे."

पुढचं काय सांगायचं? टाळं लागायच्या आधी पोरं जिन्याखाली जमली. माफीपत्रं वाचण्यात उमेदीची वर्षं घातलेल्या त्या पोरीला एक धड माफी मागता येईना. तोंड उघडायची आणि रडायची. वचनवाला म्हणाला, "ताई, तुमचं तोंड पडलेलं बघवत नव्हतं हो." बाईंनी दोघांच्या पाठीवर हात फिरवला, कपाटातले कप वाटून टाकले. खोलीत परीक्षेच्या उत्तरपत्रिका ठेवायचं ठरलं होतं. हमाल गठ्ठे घेऊन दाराशी उभेच होते, "झालं का बाई?" म्हणत.

घरी यजमान चार दिवस ताटाकडे बघून जेवले. सासूबाई पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत, आणि बाईंना ते टोमण्यांहून जड गेलं.

एवढ्यावर माणूस गप्प बसतो. पण सोपीबाईंना एक गोष्ट स्वस्थ बसू देईना. त्या भोंग्याला घेऊन दवाखान्यात गेल्या. सकाळची वेळ, बाकडी भरलेली. ती बाई कोपऱ्यात बसली होती. हात अजून गळ्यातच. भोंग्याला पाहून तिचा चेहरा उजळला.

"अरे ये, ये! केवढी गर्दी रे तुझ्या व्याख्यानाला! मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, पोराने नाव काढलं म्हणून."

"मावशी," भोंगा म्हणाला, "तुम्ही पुन्हा याल? हॉल नको, कुठेही बसू. तुम्ही, तुमच्या मैत्रिणी. मला ऐकायचंय आणि सांगायचंय."

"नाही रे बाबा," ती सहज म्हणाली. "तो जिना काही चढवत नाही आता. आणि तुला आता आमची काय गरज? एवढी शिकलेली माणसं येतात. आम्ही आपलं, कोणी येणार नाही म्हणून आलो होतो, तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मावशी, ती माणसं खोटी होती," सोपीबाई म्हणाल्या.

मावशीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओळखलं. "तुम्हीच ना दारातल्या? किती खूश होता हो तुम्ही. असं कशाला बोलता?" आणि मग आतून तिचा पुकारा झाला. कंपाउंडरने पडदा बाजूला धरला. जाता जाता तिने मोकळा हात भोंग्याच्या गालाला लावला. "छान चाललंय तुझं. असंच चालू दे," म्हणाली आणि आत गेली.

दोघं तिच्या रिकाम्या झालेल्या जागेवर टेकली. शेजारचा माणूस खोकत होता. भोंग्याचा फोन वाजला. त्याने पाहिलं, उचलला नाही. वाजून वाजून तो थांबला आणि पुन्हा वाजायला लागला.

"मेहुणा आहे," भोंगा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्या दिवसासारखा झाला होता. सोपीबाईंना पुढे वाकावं लागलं. "आज शेवटचं विचारतो म्हणालाय. ताई, काय सांगू?"

सोपीबाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो म्हणून सांग. आणि हे बघ, तिथे फरशी घ्यायला आलेल्या माणसांना भोंग्याचं काही सांगत बसू नकोस. ऐकून घेतील बिचारे, आणि तुला पुन्हा वाटायला लागेल, लोकांना हे हवंय."